स्टिअरिंग बदलताना क्रूझ कंट्रोल कसं वाचवायचं

मंडळी, आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये निम्म्याहून जास्त वेळा एकच प्रश्न आहे: "कंपनीचं काढून बाहेरचं स्टिअरिंग व्हील बसवलं की क्रूझ कंट्रोल जाणारच ना?" तर जाणारच असं काही नाही. बहुतेक वेळा ते जातं, कारण आपण व्हील आधी उतरवतो आणि तारांचा विचार मग करतो. हा क्रम उलटा केला तर निम्मं काम तिथेच होतं, म्हणून आज मी बोलणार आहे ते मुख्यतः व्हील उतरवण्यापूर्वीच्या कामाबद्दल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप टिकवणारी यंत्रणा, स्टिअरिंगमध्ये नसतं. राल्फ टीटर या दृष्टिहीन अभियंत्याला त्याचं पेटंट १९५० साली मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते पहिल्यांदा आलं, तेव्हा वेग ठरवायची चकती डॅशबोर्डवर होती. बटणं स्टिअरिंगवर आली ती नंतर, हाताला सोयीची म्हणून. आजही वेग मोजणं, थ्रॉटल (इंजिनाची हवेची झडप) किती उघडायचं ते ठरवणं, ब्रेक दाबला की सगळं सोडून देणं, ही कामं ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, करतो. बटण फक्त त्याच्याकडे मागणी पोहोचवतं. ती मागणी कुठल्या स्वरूपात जाते ते कळलं की ती नव्या व्हीलवरूनही पाठवता येते.

काही गाड्यांत हा प्रश्नच येत नाही. चौथ्या पिढीच्या गोल्फमध्ये क्रूझचा स्विच इंडिकेटरच्या दांडीवर असतो, आणि मर्सिडीजच्या कित्येक मॉडेलांत कॉलमवर, म्हणजे व्हीलमागच्या न फिरणाऱ्या भागावर, त्याची वेगळी दांडी असते. या दांड्या व्हीलबरोबर फिरत नाहीत, त्यामुळे व्हील काढलं तरी क्रूझला धक्का लागत नाही. जुन्या टोयोटा गाड्यांत मात्र फसायला होतं. उजवीकडे खाली दिसणारी ती छोटी दांडी कॉलमची वाटते, पण ती व्हीललाच बसवलेली असते आणि त्याच्याबरोबर फिरते. व्हील सरळ ठेवून डावीकडे थोडं फिरवा, दांडी सोबत आली तर ती व्हीलची.

व्हीलवरच्या बटणांची तार फिरत्या भागातून स्थिर भागात जाते ती क्लॉकस्प्रिंगमधून. व्हीलमागची ही गोल, चपटी प्लास्टिकची डबी. उघडी पडलेली एखादी हातात घेऊन बघा. आत कागदासारखी पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि त्या पट्टीत तांब्याच्या बारीक रेषा शेजारी शेजारी धावतात. व्हील एका बाजूला फिरलं की गुंडाळी आवळते, दुसऱ्या बाजूला फिरलं की सैल होते. एअरबॅग, हॉर्न, क्रूझ, ऑडिओची बटणं, सगळं या पट्टीवरून जातं. तिचे एकूण वळसे साधारण पाचच्या आसपास असतात आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम तीन वेळा फिरतं, म्हणजे दोन्हीकडे थोडी मोकळीक उरते. व्हील काढलेलं असताना डबी हाताने फिरली आणि तशीच परत बसवली, तर ही मोकळीक एका बाजूची संपते. मग एखाद्या दिवशी गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पट्टी तुटते आणि एअरबॅगचा दिवा, हॉर्न, क्रूझ, सगळं एकदम बिघडतं. म्हणून चाकं सरळ ठेवून व्हील काढा, आणि काढल्याबरोबर डबीला चिकटपट्टी लावून तिचं फिरणं बंद करा.

आता मागणीच्या स्वरूपाकडे येतो. हा भाग नीट ऐका, कारण बहुतेक अपयश इथलंच असतं. बऱ्याच गाड्यांत क्रूझच्या चार बटणांसाठी चार तारा नसतात, एकच तार आणि एक अर्थिंगची तार असते. प्रत्येक बटणाला वेगळ्या किमतीचा रोध जोडलेला असतो. टोयोटाच्या कित्येक मॉडेलांत मुख्य बटण दाबलं की जवळजवळ शून्य ओहम, 'रिझ्यूम'ला (आधीचा वेग परत धरायला) सुमारे २४०, 'सेट'ला (आत्ताचा वेग धरायला) सुमारे ६३० आणि 'कॅन्सल'ला (क्रूझ सोडायला) सुमारे १५४० ओहम. ईसीयू त्या तारेवर ५ व्होल्ट धरतो आणि उरलेल्या व्होल्टेजवरून कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. समजा ईसीयूच्या आत १ किलोओहमचा रोध आहे. मग रिझ्यूमला साधारण ०.९७ व्होल्ट येतील, सेटला १.९३ आणि कॅन्सलला ३.०३. काहीच दाबलं नाही तर पूर्ण ५. ही रचना मला फार आवडते, कारण तार तुटली तर ईसीयूला कुठलंही बटण दाबलेलं दिसत नाही. गाडी आपणहून वेग पकडत नाही.

पण याच रचनेमुळे ढिला जोड महागात पडतो. रिझ्यूमची मान्य मर्यादा २१० ते २७० ओहम आहे असं धरा. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळली आणि जोडात ६० ओहम वाढले, तर २४० चे ३०० होतात आणि ईसीयू ते बटण ओळखतच नाही. कॅन्सल मात्र १५४० चं १६०० होऊन चालत राहतं. मग माणूस म्हणतो, "एकच बटण खराब झालंय," आणि बटण बदलत बसतो. म्हणून जोड सोल्डर करा किंवा चांगला क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) वापरा, वर हीट श्रिंक नळी घाला, आणि जुना सुटा स्विच टेबलावर ठेवून प्रत्येक बटणाचा रोध मल्टिमीटरने मोजून लिहून ठेवा. नव्या बटणांना नेमके तेवढेच रोध लावायचे. बटणं दाबली की लागणारी आणि सोडली की सुटणारी हवीत. दाबल्यावर अडकून राहणारं बटण इथे कधीच वापरू नका.

नव्या गाड्यांत गोष्ट वेगळी आहे. तिथे व्हीलवर एक छोटं सर्किट बसवलेलं असतं, ते लिन बस या गाडीतल्या सर्किटांना जोडणाऱ्या जाळ्याच्या एकाच तारेवरून डिजिटल निरोप पाठवतं. या तारेवर रोध लावून काही होत नाही. मल्टिमीटरने मोजल्यावर बटण दाबलं तरी आकडा हललाच नाही, तर आपण लिनच्या घरात आहोत असं समजा आणि वायरिंगचा नकाशा पाहून खात्री करा. अशा वेळी मूळ बटणांचं पूर्ण मॉड्यूल, सर्किटसकट, नव्या व्हीलवर नेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

आता हब, म्हणजे नवं व्हील गाडीच्या दांड्याला जोडणारा मधला भाग, त्याबद्दल दोन गोष्टी. मोमो, स्पार्को, ओएमपी या व्हील बनवणाऱ्या कंपन्यांची सहा बोल्टची जागा ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असते, नार्डी आणि पर्सनल या कंपन्यांची ७४ वर. हे आधी बघून घ्या. याहून महत्त्वाची गोष्ट हबच्या मागच्या बाजूला असते. मूळ व्हीलच्या पाठीवरचे खुंट क्लॉकस्प्रिंगमध्ये अडकतात आणि तिला फिरवतात, इंडिकेटर आपोआप बंद करणारी कडीही अनेकदा त्यांच्याबरोबरच फिरते. नव्या हबला ते खुंट नसतील तर व्हील फिरेल, डबी जागेवर राहील आणि तारा पिळून तुटतील. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही इथेच असतो. तो फिरला नाही किंवा वाकडा बसला तर स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागतो आणि काही गाड्या लगेच क्रूझ नाकारतात. सुबारूमध्ये तर चेक इंजिनचा दिवा लागला तरी क्रूझ बंद होतं. म्हणून क्रूझ चालत नसेल तर आधी डॅशबोर्डवरचे दिवे वाचा, मग बटणांकडे वळा.

बटणांची पट्टी हब आणि व्हीलच्या मधे घालणार असाल तर तिच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हबमध्ये ५ मिलिमीटरच्या बोल्टचे किमान साताठ मिलिमीटर आटे बसायलाच हवेत. व्हील लहान घेतलंत तर हाताला जोर जास्त लागेल: ३८० मिलिमीटरवरून ३२० वर आलात तर सुमारे १९ टक्के जास्त.

आणि आता एअरबॅग. बाहेरच्या बहुतेक व्हीलमध्ये ती नसते. एअरबॅगच्या कनेक्टरला २ ओहमच्या आसपासचा रोध लावला की दिवा विझतो, हे तुम्ही ऐकलेलं असेल. दिवा विझतो, पण समोर एअरबॅग नसते, आणि पुढे ती गाडी घेणाऱ्याला ते कळायला मार्ग उरत नाही. फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर, योग्य सीट आणि पट्ट्यांसह चालणाऱ्या गाडीसाठी हा विचार करता येतो. रस्त्यावर घरच्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीची एअरबॅग काढू नका, असं मी अगदी मनापासून सांगतो. अनेक ठिकाणी कायदाही त्याला परवानगी देत नाही आणि विमा अडतो. अशा गाडीला त्याच कंपनीचं वरच्या मॉडेलचं व्हील लावा, किंवा मूळ सांगाड्यावर नवा आकार आणि चामडं चढवून मिळणारं व्हील घ्या. त्यात एअरबॅग आणि क्रूझची बटणं दोन्ही राहतात. मात्र एअरबॅगचे फुगण्याचे टप्पे आणि कनेक्टर तुमच्या गाडीशी जुळतात ना, हे पाहायलाच हवं.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार काढा आणि गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा, कारण एअरबॅगच्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ भार उरतो. एअरबॅगला मल्टिमीटर कधीही लावायचा नाही. काढलेली एअरबॅग मऊ बाजू वर करून ठेवायची. मधला नट सैल करा, पण दोन-तीन आटे अडकलेले राहू द्या, नाहीतर व्हील सुटतं ते थेट तोंडावर येतं. स्टिअरिंगचा मधला दांडा आणि व्हील यांवर रंगाची एक रेघ मारून ठेवा. शेवटी नट टॉर्क रेंचने, पुस्तकातल्या आकड्याइतका घट्ट करा.

तपासणी गाडी उभी असतानाच सुरू होते. व्हील दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा आणि प्रत्येक टोकाला, मध्यभागी, पुन्हा टोकाला, अशी सगळी बटणं दाबून स्कॅनरवर (ईसीयूला काय दिसतं ते दाखवणाऱ्या यंत्रावर) ती नावाप्रमाणे ओळखली जातात का ते पाहा. वळलेल्या व्हीलवर रिझ्यूमच्या जागी सेट दिसलं तर तार ताणली जातेय. हे जमलं की मोकळा, सरळ रस्ता गाठा, क्रूझ लावा आणि सगळ्यात आधी ब्रेकचं पेडल हलकेच दाबून ते सुटतं का पाहा. मॅन्युअल गाडीत क्लचनेही बघा. ब्रेकचा स्विच व्हीलच्या तारांवर अवलंबून नसतो, त्यामुळे तो चालायलाच हवा. नाही चालला, तर बटणांची परीक्षा तिथेच थांबवून आधी तो दुरुस्त करायचा.