एका घरात दोन जातीची इंजिनं

नमस्कार श्रोतेहो.

जून उजाडला, होड्या वर ओढल्या, शाकारून झाल्या, की माझ्या शेडमध्ये इंजिनं यायला लागतात. खांद्यावरून येतात, टेम्पोतून येतात, एकदा तर बैलगाडीतून आलं. आणि प्रत्येक इंजिनाबरोबर एक प्रश्न येतो. "हे टू स्ट्रोक दुरुस्त करून ठेवू, की विकून फोर स्ट्रोक घेऊ?"

आता हे टू आणि फोर काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांच्या घरी बजाज चेतक होती त्यांना तर नक्कीच. पंपावर पेट्रोल भरताना ऑइल मारायला सांगायचो, आठवतं ना? का मारायचो? टू स्ट्रोक इंजिनात क्रँक फिरतो त्या पोकळीतूनच पेट्रोल आणि हवा वर ढकलली जाते. तिथे तेल साठवून ठेवायला जागाच नाही. म्हणून तेलाला पेट्रोलचा हात धरून आत यावं लागतं, आणि काम झालं की जळून धुरावाटे बाहेर जावं लागतं. फोर स्ट्रोकचं तसं नाही. त्याचं तेल खाली पोटात वेगळं असतं, तुमच्या मोटरसायकलसारखं.

तेवढं लक्षात ठेवा. तेल पेट्रोलमध्ये, ते टू स्ट्रोक. तेल पोटात, ते फोर स्ट्रोक. मी हे आज तीनचारदा सांगणार आहे, कंटाळू नका. का सांगणार, ते गोष्ट ऐकल्यावर कळेल.

गोष्ट मालवणजवळच्या देवबागची. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे एका बाजूला देवबाग, समोर कोरजाई. मधे खाडी. रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा, होडीने दहा-पंधरा मिनिटं. नवरा देवबागचा, नवरी कोरजाईची, महिना वैशाख. घरात दोन इंजिनं. जुनं 15 घोड्यांचं टू स्ट्रोक मासेमारीचं, आणि पर्यटकांना फिरवायला त्याच वर्षी घेतलेलं नवं फोर स्ट्रोक. नव्या इंजिनाच्या होडीतून बायका, मुलं आणि बाजा पुढे गेला. मागच्या होडीत नवरा, त्याचे काका, भटजी, दोन पोरगे आणि मी. मी का? तर म्हणे मेकॅनिक बरोबर असलेला बरा.

होडी सजवलेली. आंब्याची पानं, झेंडूच्या माळा. नांगर काढून घरी ठेवलेला, कारण त्याचा चिखल कपड्यांना लागेल. आणि वल्ही? वल्ही मांडवाला टेकू दिलेली. खरंच सांगतो, दोन्ही वल्ही मांडवाखाली उभी होती.

निघालो. काका सुकाणूला, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला. फेटा बांधलेला. थोडं अंतर गेल्यावर मागे वळून पाहतात आणि खूश होऊन मला म्हणतात, "बघ रे! आज कसा चलता! धूर इल्लोसो नाय!"

मी पण मान डोलावली. ही माझी चूक, मी कबूल करतो. तीस वर्षं इंजिनं उघडणारा माणूस, आणि टू स्ट्रोक बिनधुराचं चालतंय हे पाहून मी खूश झालो. मला नवऱ्याच्या शेल्याला अत्तर कुठलं लावलंय याचा विचार पडला होता.

धूर का नव्हता? तेल नव्हतं म्हणून! सकाळच्या गडबडीत एका पोरग्याने नव्या इंजिनाच्या कॅनमधलं कोरं पेट्रोल जुन्याच्या टाकीत ओतलं होतं. तळाला उरलेल्या मिश्रणावर आणि नळीतल्या थेंबांवर ते तेवढं अंतर धावलं. बरोबर मधल्या धारेत त्याचा आवाज बदलला. आधी दमल्यासारखं झालं, मग करकरलं, मग एक आचका, आणि शांत. काकांनी दोरी ओढली. दोरी हलेना. मी ओढली. हलेना. दोघांनी मिळून ओढली, होडी हलली, दोरी नाही. पिस्टन जाम.

ओहोटी लागलेली. होडी हळूहळू समुद्राकडे निघाली. खाडीच्या तोंडाशी वाळूवर लाटा फुटत होत्या, पांढऱ्याफेक. काका म्हणाले, "नांगर टाक." नांगर घरी. "वल्ही घे." वल्ही मांडवात. भटजींनी घड्याळ पाहिलं. मुहूर्त पाऊण तासावर होता.

होडीत काय होतं? नवऱ्याकडचे वडिलोपार्जित दोन पाट, फणसाच्या लाकडाचे, कडेला पितळी फुलं ठोकलेले. काकांनी एक उचलला. भटजी ओरडले, "अहो, पाट बसायला असतात!" काका म्हणाले, "भटजीनू, समुद्रात गेलात तर बसतल्यात खंय?" दुसरा पाट मी घेतला. पोरग्यांनी पराती घेतल्या. दोन मिनिटांनी पाहतो तर भटजी स्वतः तांब्याचं ताम्हन घेऊन पाणी मारतायत. नवऱ्याला मात्र कोणी काही करू दिलं नाही. तो मुंडावळ्या धरून मधोमध बसून राहिला, वर माळा हलतायत.

इथे एक शिकण्यासारखं सांगतो. काकांनी होडी ओहोटीच्या विरुद्ध वळवलीच नाही. आडवी, काठाच्या दिशेने मारली. धारेशी भांडलं तर दमून जाल. तिला जायचं तिथे जाऊ द्या, तुम्ही फक्त कडेला सरकत राहा. हल्लीच्या पोरांना वल्हं धरता येत नाही ही माझी जुनी तक्रार आहे, 40 घोड्यांचं इंजिन लावतील पण वल्हं उलटं धरतील. असो.

कोरजाईच्या खाली, चिपीच्या म्हणजे खारफुटीच्या झाडीत लागलो. मांडीपर्यंत चिखल. नवरा काकांच्या पाठीवर, आणि भटजी माझ्या. मुहूर्त टळला नाही, कारण नवा मुहूर्त चिखलात उभं राहून भटजींनीच काढला.

पुढच्या आठवड्यात ते इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे, त्याचं ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटलेलं, रिंगा खाचेत बसलेल्या. बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून घ्यावं लागलं.

तेव्हा निवडायचं कुठलं? वेळ थोडा उरलाय, पटापट सांगतो.

होडी लहान असेल, इंजिन रोज खांद्यावर घेऊन वाळू चढायची असेल, तर टू स्ट्रोक. 15 घोड्यांचं टू स्ट्रोक साधारण 36 किलो, तेवढंच फोर स्ट्रोक 50 च्या वर. पन्नाशीच्या माणसाने या 14 किलोंचा विचार करावा. टू स्ट्रोक उघडायला सोपं, आणि कसंही आडवं ठेवा, चालतं. फोर स्ट्रोक टेम्पोत ठेवताना खुणेच्या बाजूवरच ठेवायचं, नाहीतर तेल नको तिथे जातं.

पर्यटकांना दिवसभर फिरवायचं असेल, तर फोर स्ट्रोक. आवाज कमी, धूर कमी, आणि पेट्रोल ढोबळ मानाने तीन लिटरच्या जागी दोन-सव्वादोन. कारण टू स्ट्रोकमध्ये नवं पेट्रोल आत येतं तेव्हा धुराचं दार उघडंच असतं, थोडं न जळताच निघून जातं. ते पैसे तुमचेच, आणि ते जातं तुमच्याच खाडीत.

टू स्ट्रोकच्या तेलाचं माप ऐका. 10 लिटर पेट्रोलला 200 मिली. पन्नासाला एक. नव्या इंजिनाला सुरुवातीला दुप्पट, जुन्याच्या पुस्तकात वेगळं असेल तर पुस्तकाचं ऐका. तेल आउटबोर्डचंच, म्हणजे होडीच्या मागे लावतात त्या इंजिनाचंच हवं, स्कूटरचं नको. आणि फोर स्ट्रोकवाल्यांनो, पोटातलं तेल दर 100 तासांनी बदला, तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, रोज पाहा. खारं पाणी दोघांनाही सारखंच खातं. आल्यावर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा.

पण माझं स्वतःचं मत विचाराल तर टू घ्या नाहीतर फोर घ्या, एका घरात दोन्ही ठेवू नका. ठेवलीच तर मिश्रणाचा कॅन लाल, कोऱ्या पेट्रोलचा पांढरा, आणि कॅन भरणारा माणूस एकच. तेल पेट्रोलमध्ये, ते टू स्ट्रोक. तेल पोटात, ते फोर स्ट्रोक.

ते पाट अजून त्या घरात आहेत. एकाची कड चिपीच्या मुळावर आपटून फुटली, पितळी फूल खाडीत गेलं. मी जेवायला गेलो की वहिनी मला नेमका तोच पाट देतात.

नमस्कार.