स्पर्धेला निघालेली सतार

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेजांच्या युवा महोत्सवांचे दिवस आले. ठाणे स्टेशनच्या पुलावर पाठीला भलंमोठं कव्हर, त्याला वरून प्लास्टिक गुंडाळलेलं, अशी एखादी मुलगी दिसली तर तिला जरा वाट द्या. आत सतार असते. तिचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात वाढलेला, मिरजेत घडवलेला. मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पण चौथ्या डब्याच्या गर्दीला मानांकन समजत नाही.

मी अशा स्पर्धांत बहुतेक वेळा घड्याळ आणि घंटा घेऊन बसतो. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते सांगतो. सतार, सरोद, व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलांची स्पर्धा पुष्कळदा पहिला सूर लागण्याआधीच हातातून जाते. बाहेर ऑगस्टची दमट हवा, आत हॉलमध्ये गारठवणारा एसी. गारठ्याने तार आकसते, सूर चढतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि व्हायोलिनची खुंटी सटकते. म्हणून हॉलवर लवकर पोचा, वाद्य कव्हरमधून बाहेर काढा, त्या हवेत राहू द्या आणि मगच सुरात लावा. पुन्हा सांगतो, आधी त्या हवेत ठेवा, मग लावा. घरून लावून आणलेली सतार घरीच लागलेली असते.

आता मला आवडणारा किस्सा. ठाण्यातलंच एक कॉलेज, स्वरवाद्यांची फेरी. कळव्याची एक मुलगी सतार घेऊन आली होती. तिचा तबलजी यायचा होता भाईंदरहून, म्हणजे घोडबंदर रोडने. नाव पुकारायला थोडाच वेळ उरला आणि फोन आला, ‘गायमुखला अडकलोय, गाडी हलत नाही.’ पोरगी पांढरीफटक. तिच्या मागचा नंबर ऐरोलीच्या एका मुलाचा, व्हायोलिनवाला. तिचा सरळ प्रतिस्पर्धी. तो म्हणाला, ‘माझा तबलजी घे.’

झालं, सुटला प्रश्न, असं वाटेल तुम्हाला. कुठला सुटतोय! पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत तिची सतार काळी एकला, याचा तबला पांढरी दोनला. अर्ध्या सुराचा फरक. सतारीच्या वरच्या वाजवायच्या तारा, झाल्याच्या चिकारी, खाली आपोआप घुमणाऱ्या तरफा, सगळ्या मिळून अठरा-वीस तारा. त्या पाच मिनिटांत अर्धा सूर चढवणार कोण? तेव्हा तबला उतरवायचा ठरलं. त्या तबलजीने हातोडी काढली, तबल्याचे लाकडी गठ्ठे सरकवले, पुडीच्या काठाच्या गजऱ्याला खालून ठोके दिले, आणि बाहेर पॅसेजमध्ये ठक ठक ठक. आत कुणाची तरी बासरी चाललेली! परीक्षकांनी दोनदा दाराकडे पाहिलं, मी तिसऱ्यांदा उठून दार लावलं.

मुलगी बसली. तबल्याशिवायचा आलाप, जोड सुरेख झाला. गत, म्हणजे तालातली बांधलेली रचना, सुरू झाली आणि तबलजीला हुरूप आला. या दोघांची ओळख दहा मिनिटांची. ती तान घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते तोवर हा तुकडा सुरू करतो. ती थांबून गत धरते, तोवर हा दुसरा काढतो. झालं, कसंबसं उरकलं. वेळ संपली, मी घंटा दिली. तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपवायच्या तुकड्याच्या, मध्यावर दिली. नियम म्हणजे नियम.

मग त्या मुलाची पाळी. तबलजी पुन्हा हातोडी काढायला लागला, तर हा म्हणतो, ‘राहू दे काळी एकला. मला चारच तारा उतरवायच्यात.’ आणि खरंच, स्टेजवर बसून त्याने व्हायोलिन अर्धा सूर खाली घेतलं. ताज्या उतरवलेल्या तारा जागेवर राहत नाहीत, आलापात दोनदा खुंटीला हात लावावा लागला त्याला. तरी वाजवलं, काय वाजवलं! दुसरा नंबर आला.

मुलीला नंबर नाही. मी विचारलं, वाईट वाटलं का? तर म्हणाली, ‘नंबराचं नाही हो काका, माझ्या दहा मिनिटांत चार मिनिटं त्या तबल्याचीच झाली.’ आणि निकाल लागल्यावर तिचा भाईंदरचा तबलजी चिंब भिजून दारात हजर. खांद्यावर बॅग. विचारतो काय, ‘झपताल ठरला होता ना आपला?’

असो. वेळ थोडा आहे. तबलजीबरोबर आधी दोनदा तरी बसा आणि कुणी किती वाजवायचं ते ठरवा. दहा मिनिटांचं वाजवणं घड्याळ लावून बसवा. आणि सकाळी साडेदहाच्या फेरीत संध्याकाळचा यमन नको हो! नियमात बसतो, मान्य. पण सकाळचा एखादा अहिर भैरव, दुपारी नंबर लागला तर भीमपलास, हेही तयार असावेत. एकाच रागावर वर्ष काढायची ही पद्धत मला मुळीच पटत नाही. तसंच गाण्याचं. आपल्या डोंबिवलीत राहिलेले पं. गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. तंतुवाद्याच्या मुलांनी गळ्याने बंदिश म्हणावी, रोज म्हणावी. पालकांनी मात्र पहिल्या रांगेत उभं राहून मोबाइलवर शूटिंग करू नये. परीक्षकांना मुलाचा हात दिसत नाही, तुमची पाठ दिसते.

आणि राहिलंच. सुटी बाजाची तार, म्हणजे मुख्य वाजवायची तार, आणि बोटात घालायची जादा नखी खिशात ठेवा. कव्हरच्या खणात नको. कव्हर ग्रीनरूममध्ये राहतं आणि तार तुटते स्टेजवर.

नमस्कार.