गुलाबी सोन्याचा रंग जातो कुठे?

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. रोझ गोल्डचं, म्हणजे गुलाबी सोन्याचं, घड्याळ ‘उतरतं’ अशी तक्रार हल्ली फार ऐकू येते. पण तक्रार करणाऱ्याला जरा खोदून विचारलं, की एक म्हणतो काळं पडलं, दुसरा म्हणतो पिवळं झालं आणि तिसरा म्हणतो आतून पांढरं निघालं. हे तीन वेगळे आजार आहेत. त्यातला तिसरा तर सोन्याचा आजारच नव्हे. तरीही तिघांना औषध एकच सांगितलं जातं: पॉलिश मारून घ्या! माझं आजचं सगळं बोलणं या सल्ल्याविरुद्ध आहे, असं समजा.

आधी धातू बघू. शुद्ध सोनं पिवळंच. गुलाबी छटा येते ती तांब्यामुळे. 19व्या शतकात रशियात या रंगाची मोठी चलती होती, म्हणून त्याला ‘रशियन सोनं’ही म्हणत. आज चांगल्या स्विस घड्याळात ‘5एन’ या नावाचं मिश्रण सर्रास वापरतात: 75 टक्के सोनं, साडेवीस टक्के तांबं, साडेचार टक्के चांदी. म्हणजे 18 कॅरेट. आपल्या हॉलमार्कच्या भाषेत 750. तांबं 16 टक्क्यांवर आणून चांदी 9 टक्के केली, की ‘4एन’ हा फिकट गुलाबी रंग मिळतो.

आता हे सगळे आकडे वजनाचे आहेत आणि वजन इथे आपल्याला फसवतं. सोन्याचा एक अणू तांब्याच्या अणूपेक्षा तिपटीहून थोडा जास्तच जड असतो. त्यामुळे 5एन मधले शंभर अणू मोजले तर सोन्याचे भरतात जेमतेम 51. तांब्याचे तब्बल 43 आणि उरलेले चांदीचे. तीन चतुर्थांश सोनं म्हणून आपण जे मनगटावर मिरवतो, त्यात डोकी मोजली तर सोनं निम्मंच. तुमच्या 22 कॅरेटच्या बांगडीत हाच हिशेब केला आणि उरलेलं सगळं तांबं धरलं, तर शंभरात 78 अणू सोन्याचे येतात. आईची बांगडी चाळीस वर्षांनी तशीच आणि माझ्याच घड्याळाचा रंग का मंदावला, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

निम्म्याची ही रेषा योगायोगाने आलेली नाही. गुस्ताव टामान या जर्मन शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दाखवून दिलं, की मिश्रणात सोन्याचे अणू साधारण निम्म्यावर असले तर रसायनाला आतलं तांबं खाता येत नाही. पृष्ठभागावरचं थोडं तांबं जातं, मागे राहिलेले सोन्याचे अणू वाट अडवतात आणि काम तिथेच थांबतं. सोनं निम्म्याखाली गेलं, की तांब्याच्या अणूंची आतपर्यंत सलग रांग लागते. मग खाणाऱ्याला रस्ता मोकळा. 18 कॅरेट गुलाबी सोनं बरोबर या कुंपणावर बसलेलं आहे. 14 कॅरेट, सगळी भेसळ तांब्याची असेल तर, शंभरात 31 वरच येतं. म्हणजे कुंपणाच्या पार पलीकडे. म्हणून 14 आणि 9 कॅरेटची जुनी गुलाबी घड्याळं जास्त तपकिरी, जास्त डागाळलेली दिसतात.

आता काळं पडणं. पृष्ठभागावरच्या तांब्याला हवेतला प्राणवायू आणि गंधक भेटतात आणि ऑक्साइड, सल्फाइड यांचा पातळ थर बसतो. देवघरातलं ताम्हन चार दिवस घासलं नाही तर जे होतं तेच, फक्त अतिशय सावकाश. घाम त्याला हात देतो, कारण घामात मीठ असतं आणि थोडं आम्लही. काही जणांच्या अंगावर दागिने लवकर काळवंडतात. त्यात अंगातल्या ‘उष्णते’चा काही संबंध नाही, घामाचा आहे. पुण्याच्या पावसाळ्यात भर पडते ती दमटपणाची. घड्याळ रबर बँडने गुंडाळून डबीत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका, रबरात गंधक असतं.

पिवळं पडण्याची गंमत याच्या उलट आहे. इथे तांब्यावर काही चढत नाही, तांबंच निघून जातं. मुख्य गुन्हेगार क्लोरीन. टिळक टँक असो की सोसायटीचा तलाव, क्लोरीन घातलेल्या पाण्यात रोज घड्याळासकट उतरलात, की वरच्या थरातलं तांबं हळूहळू विरघळतं, सोनं राहतं आणि रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो. हा थर इतका पातळ असतो, की वजनकाट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कमी कॅरेटच्या सोन्यात मात्र क्लोरीनने बारीक तडे जातात, बक्कल तुटू शकतं. तिथे रंगाची नाही, घड्याळ हातातून पडण्याची काळजी करा.

रोलेक्सने 2005 साली ‘एव्हरोज’ आणलं ते याच दुखण्यावर. त्या मिश्रणात थोडं प्लॅटिनम असतं. ओमेगाच्या ‘सेडना’ सोन्यात पॅलेडियम असतं. रंग टिकावा हा दोन्हींचा दावा आणि त्यामागचं शास्त्र खोटं नाही. पण साधं 5एन म्हणजे उतरणारच, ही भीती मात्र जाहिरातीने वाढवलेली आहे असं माझं मत. पोहताना काढून ठेवलेलं साधं 5एन पुढच्या पिढीलाही गुलाबीच दिसेल.

राहिला तिसरा आजार. मघाशी पहिल्या रांगेतल्या एका ताईंनी त्यांचं घड्याळ दिलं, साखरपुड्यातलं. भिंगाखाली बघितलं. तबकडीभोवतीची कड अजून छान गुलाबी आहे. पण बक्कलाची खालची बाजू, जी लिहिताना टेबलावर घासते, तिथे लांबट पांढरा पट्टा पडलाय आणि त्याच्या काठाला गुलाबी रंग कापल्यासारखा संपतो. मधली छटाच नाही. ही खूण पक्की. हे स्टील आहे आणि वर पीव्हीडीचा लेप आहे, म्हणजे निर्वात पेटीत धातूची वाफ करून चढवलेला थर. तो असतो साधारण एक-दोन मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा लेप रंग बदलत नाही, झिजतो. गेला की गेला. जुन्या मुलाम्याच्या घड्याळांच्या झाकणावर ‘20 मायक्रॉन’ असा शिक्का दिसतो. तो थर जाड, म्हणून तीस-तीस वर्षं चालला. तोही झिजला की कोपऱ्यांतून पितळ डोकावतं आणि घामाने हिरवं होतं.

अशा लेपाच्या घड्याळावर बफिंगचं, म्हणजे पॉलिश करायचं, चाक फिरवलं की उरलासुरला रंगही उडतो. बाजारात पुन्हा गुलाबी पाणी चढवून मिळतं, पण ते बहुधा मूळ लेपाहून फार पातळ आणि मऊ. लग्नाच्या फोटोपुरतं ठीक.

एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवली आहे: सासऱ्यांचं जुनं 18 कॅरेटचं घड्याळ आहे, काळवंडलंय, पॉलिश करू का? नका करू. काळोखी वरवरची आहे का, हे ओळखायचं असेल तर पट्टा काढा. लगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मधल्या खाचेत, पिनेच्या भोकाशी तपकिरी रेघ असेल आणि तिच्याशेजारी, जिथे पट्टा झाकत होता तिथे, मूळ रंग दिसेल. म्हणजे ती काळोखी वरवरचीच आहे. बफिंगने ती जाईल, पण सोबत कडांची धार जाईल आणि झाकणावरचा 750 चा किंवा स्विस हॉलमार्कचा शिक्काही पुसट होईल. जुन्या घड्याळाची किंमत करणारा आधी याच दोन जागा बघतो. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. कोमट पाणी, थेंबभर सौम्य साबण, लहान मुलाचा मऊ ब्रश आणि नंतर कोरडं सुती फडकं एवढं पुरतं.

पण हा ओला ब्रशसुद्धा लगेच लावू नका. इतक्या जुन्या घड्याळाच्या चावीतलं आणि झाकणातलं रबर कडक झालेलं असतं आणि पाणी सरळ यंत्रात जातं. आधी घड्याळजीकडे न्या, यंत्र बाहेर काढायला सांगा आणि नुसती रिकामी केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची पेटी, धुऊन घ्या.