हजेरीला थांबाल की पळाल?

(दृश्य : म्हापसा. दुपार. शटर अर्धं खाली ओढलेलं गेमिंग कॅफे. कोपऱ्यातल्या स्क्रीनवर ट्रेलर चालू.)

काटेरी तारा. फिरता सर्चलाइट. कुत्र्यांचं भुंकणं. आणि शेवटी बर्फातून जीव खाऊन धावणारा एक माणूस.

युद्धकैद्यांच्या छावणीतून निसटायचा गेम येतोय म्हटलं की ट्रेलर साधारण असाच असतो. समोर चाललाय त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. तो अजून बाजारात यायचाय, आणि आपलं बोलणं त्या एकट्याबद्दल नाहीच.

कॉलेजची पोरं खुर्च्या ओढून बसलीत. कॅफेचा मालक चाळिशीच्या पुढचा, सगळे त्याला दादा म्हणतात.

"दादा, प्रीऑर्डर मारू?"

"पैसे तुझे, मर्जी तुझी. पण ह्यात गेम कुठं दिसला तुला? मला तर नुसता सिनेमा दिसला."

(दृश्य : ट्रेलर एका जागी थांबवलेला. भुयारात कंदील घेऊन चालणारा माणूस.)

दादाच्या शंकेत तथ्य आहे. हीच फ्रेम बघा. भुयारात माणूस जरासा वाकून चालतोय, हातात कंदील, भिंती गुळगुळीत. आता खरं भुयार कसं होतं ते ऐका.

आज पोलंडमध्ये असलेल्या झागान गावाजवळ 'स्टालाग लुफ्ट ३' नावाची छावणी होती. दोस्त राष्ट्रांच्या पकडलेल्या वैमानिकांना जर्मनांनी तिथं ठेवलं होतं. कैद्यांनी तीन भुयारं खणायला घेतली, त्यांना नावं दिली टॉम, डिक आणि हॅरी. हॅरी जमिनीखाली सुमारे ९ मीटर खोल आणि १०० मीटरहून लांब. रुंदी-उंची मात्र जेमतेम दोन-दोन फूट. त्यात चालायचं कसलं? लाकडी गाड्यावर पालथं पडायचं आणि दुसऱ्याने दोरीनं ओढून घ्यायचं. माती ढासळू नये म्हणून पलंगांच्या फळ्या काढून लावल्या. हवा आत खेळावी म्हणून दूध पावडरचे रिकामे डबे एकाला एक जोडून नळी केली.

पण सगळ्यात मोठी डोकेदुखी होती वाळूची. वरची माती करडी, खालची वाळू पिवळीधमक. चिमूटभर जरी वर दिसली तरी पहारेकऱ्याला कळणार. मग पॅन्टच्या आत लांब पिशव्या बांधायच्या, मैदानात फेऱ्या मारायच्या, पिशवीच्या तळाची पिन हळूच ओढायची आणि सांडलेली वाळू पायानं मातीत मिसळायची. असं महिनोन्‌महिने.

ट्रेलरमध्ये वाळू कुठंच नाही. वाळू नसेल तर मग खेळायचं काय?

२४ मार्च १९४४ च्या रात्री हॅरीचं तोंड उघडलं, तर ते झाडीच्या अलीकडेच निघालं. तरीही ७६ जण बाहेर पडले. ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना हिटलरच्या हुकुमावरून गोळ्या घातल्या. कायमचे निसटले तीन. गेममध्ये मात्र पकडलं गेलं की स्क्रीन काळी होते आणि आपण पुन्हा मागच्या चेकपॉइंटवर, म्हणजे जरा आधीच्या टप्प्यावर. दादासारख्या शंकेखोरांचा खरा आक्षेप इथं आहे. ग्राफिक्सबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

(दृश्य : जुन्या गेमची स्क्रीन, काळ्या पार्श्वभूमीवर एकरंगी रेघांचा किल्ला.)

मग पोरं वाट तरी का बघतायत? कारण हे एकदा जमलं होतं.

१९८६. झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर, मेमरी ४८ केबी. आज व्हॉट्सॲपवर येणारा 'सुप्रभात'चा फोटोही याहून जड असतो. डेंटन डिझाइन्सनं केलेला आणि ओशन कंपनीनं बाजारात आणलेला 'द ग्रेट एस्केप'. छावणी किल्ल्यात, किल्ला कड्यावर, तीन बाजूंना समुद्र. घंटा वाजली की हजेरी, घंटा वाजली की जेवण, घंटा वाजली की झोप. आणि गंमत अशी की कीबोर्डला हात लावला नाही, तर तुमचा कैदी आपला आपण रांगेत जाऊन उभा राहतो. स्क्रीनच्या कडेला एक झेंडा. तुम्ही पकडले गेलात, बेत फसला, की झेंडा खाली येतो. तो पार तळाला गेला की खेळ संपत नाही. त्यापेक्षा वाईट होतं. कैदी तुमचं ऐकणंच बंद करतो आणि नुसता रोजचा दिनक्रम करत राहतो.

४८ केबीत कैद कशी असते ते दाखवलं होतं त्या लोकांनी! आज शंभर जीबीचा गेम उतरवून आपण फक्त बर्फात धावायचं?

दादानं स्वतः खेळलेला गेम त्यानंतरचा. 'प्रिझनर ऑफ वॉर', २००२, कोडमास्टर्स. नायक अमेरिकन कॅप्टन लुईस स्टोन, छावण्यांमध्ये जर्मनीतला, युद्धकैदी ठेवायचा कोल्डिट्झचा किल्लाही. हजेरी चुकवली की शोधाशोध, इतर कैद्यांशी देवघेव, रात्री बराकीतून सरपटत बाहेर. दादा म्हणतो, "कल्पना झकास होती. पण काय करायचं ते गेमच सांगायचा. कोणीतरी आखून दिलेल्या वाटेनं पळायचं, ह्याला पळणं म्हणतात?" २०१५ च्या 'द एस्केपिस्ट्स'नं ती मोकळीक दिली, तीही ठोकळ्या-ठोकळ्यांच्या साध्या चित्रांत. युद्धकैद्यांची छावणी मात्र त्यात एखादीच, बाकी तुरुंग.

(दृश्य : सिकेरी. आग्वादच्या तुरुंगाच्या भिंती, खाली लाटा.)

तीन बाजूंना समुद्र म्हटल्यावर गोव्यातल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

आग्वाद किल्ला १६१२ चा. पोर्तुगीज अमदानीत आणि नंतरही इथं तुरुंग होता, आता संग्रहालय आहे. पर्यटक कोठडीच्या गजांना धरून फोटो काढतात. गोवा मुक्तीसाठी लढलेले कितीतरी जण ह्या भिंतींमागं राहिले. सांगलीकडून येऊन इथं शिक्षकी करणारे मोहन रानडे १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले. पुढं त्यांना पोर्तुगालच्या काशियश तुरुंगात नेलं. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मधली सात वर्षं कुठल्या ट्रेलरमध्ये बसवणार?

आणि युद्धकैद्यांच्या छावण्याही होत्या आपल्याकडं. फारसं कोणी बोलत नाही त्यावर. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा शरण आला आणि तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक भारताचे कैदी झाले. वास्कोजवळ आल्पार्केरोस, फोंडा, अशा ठिकाणी त्यांना ठेवलं. मार्च १९६२ मध्ये फोंड्याच्या छावणीत पळून जायचा एक बेत शिजला आणि फसला. प्रकरण चिघळलं, ते शांत करायला एका जेझुइट पाद्रीला मध्ये पडावं लागलं. मे महिन्यात कैदी विमानानं कराचीला गेले, तिथून जहाजानं लिस्बनला.

कॅफेत हे सांगितल्यावर एक पोरगा म्हणाला, "ह्याच्यावर गेम काढला तर हीरो कोण?"

दादा हसला. "पोर्तुगीज. आणि सर्चलाइट फिरवणारा आपला जवान. खेळशील?"

पोरगा गप्प. मग म्हणाला, "पहारेकरी होऊन खेळता आलं पाहिजे."

पोरगं अगदी बरोबर बोललं. कोल्डिट्झमधून खरोखर निसटलेल्या पॅट रीडनं १९७३ मध्ये एक बोर्ड गेम केला, त्यात एका खेळाडूला जर्मन सुरक्षा अधिकारी व्हावं लागतं. स्वतः कैद भोगलेल्या माणसाला पहारेकऱ्याची बाजू पटावर मांडावीशी वाटली. आजचे बहुतेक ट्रेलर पहारेकऱ्याला चेहराही देत नाहीत.

(दृश्य : जुना नकाशा, त्यावरून सरकणारं बोट.)

एक गोष्ट राहिली, ती आपल्या मराठी माणसाची. १९७१ च्या युद्धात विमान पडून पकडले गेलेले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी ह्या दोन सहकाऱ्यांबरोबर ते रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. पेशावरमार्गे लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द काही मैलांवर. तिथं त्यांनी 'लंडी खाना'ला कसं जायचं म्हणून विचारलं. नकाशात ते रेल्वे स्टेशन होतं, प्रत्यक्षात इंग्रजांच्या काळातच बंद पडलेलं. लोकांना संशय आला, तिघेही पकडले गेले.

भिंत फोडली, छावणी मागं टाकली, आणि घात केला जुन्या नकाशानं. गेम करणाऱ्यांनी हे वाचायला हवं. तारेच्या पलीकडं गेलं की 'मिशन पूर्ण' असं लिहून येतं, पण खरं अवघड तिथून पुढं असतं. भाषा, कागदपत्रं, गाडीचं तिकीट, रस्त्यात कोणाला काय विचारायचं, सगळं तिथून पुढं.

(दृश्य : पुन्हा कॅफे. संध्याकाळ, सगळ्या खुर्च्या भरलेल्या.)

प्रीऑर्डर अजून झालेली नाही. दादानं तोड काढलीय. डेमो आला की पहिल्या हजेरीला उभं राहायचं आणि दहा मिनिटं कशालाच हात लावायचा नाही. शेजारचे कैदी आपापसांत काही करतायत का, पहारेकरी मोजताना चुकतो का, कोणी वाळू सांडतंय का, एवढंच बघायचं. पोरांचं म्हणणं, दहा मिनिटं फार होतात, पाच ठेवू. त्यावर अजून घासाघीस चालू आहे.