चुन्यातला च

(ओहोटीची वेळ. ओली, घट्ट वाळू. दोन बैलगाड्या सुटतात.)

रायगडच्या किनाऱ्यावर समुद्र मागे सरला की शर्यतीला जागा होते. भरती परत येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढाच आपला. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. डिसेंबर 2021मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि कर्ण्यावरचा हा आवाजही परत आला.

"थळची गाडी पुढे, थळची गाडी पुढे... मागून थेरोंडा, थेरोंडा!"

कॉमेंट्री करणारा हा माणूस शर्यतीआधी वही घेऊन एकेका गाडीपाशी जातो. मालकाचं नाव, गाव, बैलांची नावं विचारून लिहून घेतो. मालक दहा हातांवर उभा असतो. थळचं 'थल' झालं, तर संध्याकाळी घरी जायची पंचाईत.

(घरातला टीव्ही. फॉर्म्युला वनच्या मोटार शर्यतीचा आवाज.)

इथे मात्र मालक दहा हातांवर नसतो. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, समोर वीस-बावीस नावं, आणि बोलणारा बहुतेक वेळा इंग्रज. स्पेलिंग जसं दिसतं तसं तोंडातून बाहेर येतं. सेबास्टियन व्हेटलने ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर 2011, 2012 आणि 2013, तिन्ही वर्षं शर्यत जिंकली. आपण तिन्ही वर्षं 'व्हेटल, व्हेटल' म्हणून ओरडलो. जर्मन माणूस त्याला फेटल म्हणतो. डच ड्रायव्हर वेर्स्टापेनच्या नावातला पहिला 'व' सुद्धा बऱ्याच डच लोकांच्या तोंडी 'फ'कडे झुकतो.

मी स्वतः पहिली दोन वर्षं 'चार्ल्स लेक्लर्क' म्हणत होतो. मोनॅकोचा तो मुलगा. घरची भाषा फ्रेंच. नाव शार्ल लक्लेर. शेवटचा 'क' लिहायचा, बोलायचा नाही.

इंग्रजाची जीभ अडली तर समजू शकतो. पण आपली का अडावी?

जपानी ड्रायव्हर युकी त्सुनोदा घ्या. इंग्रजी बोलणारे बरेच जण त्यातला 'त' गिळून 'सुनोदा' म्हणतात. आणि आपण? आपल्याकडे 'च' दोन आहेत. चहातला एक, चुन्यातला एक. जीभ दातांमागे टेकवून 'चुना' म्हणा. आता तोच 'चु' घेऊन 'चुनोदा' म्हणा. झालं! पानाला चुना लावणारी आजी हे नाव कॉमेंटेटरपेक्षा बरं म्हणेल. इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकचंही तेच. इटालियन तोंडात तो 'झ' नसतोच. 'मोंचा', आणि 'च' पुन्हा चुन्यातला. लिहिताना दोन्ही 'च' सारखेच दिसतात, हा आपल्या लिपीचा दोष. जिभेचा नाही.

(मालवणची जेटी. माणसांचा गलका.)

इथून दक्षिणेला गेलात की अनुनासिक सुरू होतात. "खंय चललंस?" हा 'खंय' नाकातून गेल्याशिवाय पुरा होत नाही. फ्रेंच ड्रायव्हर रोमँ ग्रोजाँचं नावही असंच. 2020मध्ये बहारीनला त्याची गाडी कठड्यात घुसून पेटली आणि तो ज्वाळांतून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्या रात्री त्याचं नाव जगभर घेतलं गेलं. आपल्याकडे पुष्कळांनी 'ग्रॉसजीन' म्हटलं. मालवणी माणसाला खरं तर हे नाव शिकवायला नको. नाक तयारच आहे.

जर्मन ड्रायव्हर मिखाएल शूमाखरच्या आडनावातला 'ख' थोडा अवघड. आपल्या खोबऱ्यातला 'ख' चालत नाही, घसा घासावा लागतो. 'ख़ुदा' म्हणणाऱ्या कोकणी मुसलमानाच्या घरात तोही सापडेल.

(कोर्लईचा किल्ला. पायथ्याशी गाव.)

आणि हे कोर्लई. 1740मध्ये शेजारचं चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले. भाषा मात्र या गावात राहिली. इथले ख्रिस्ती घरात अजूनही पोर्तुगीजपासून निपजलेली बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ब्राझीलचा तीन वेळचा जगज्जेता आयर्टन सेना याचं पूर्ण नाव आयर्टन सेना दा सिल्वा. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत डिसिल्वांची घरं आहेत, आणि आपण त्याला परका समजत होतो. आपल्याकडे 'सेन्ना' लिहायची पद्धत आहे. पोर्तुगीजमध्ये तो 'न' जोडून येत नाही, साधं 'सेना'च. पण महाराष्ट्रात आधीच सेना थोड्या नाहीत, म्हणून कदाचित.

दुखणं आपलंही आहेच. तेंडुलकरचं 'टेन्डूल्कर' चोवीस वर्षं ऐकलं. रहाणेचं 'रहाने' ऐकलं. गणपतीपुळ्याचं 'गणपतिपुले' तर पाहुणे गाडीतून उतरता उतरताच करतात. आणि आपण? नारायण कार्तिकेयन 2005मध्ये भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला, तेव्हा इंग्रजीतला 'टीएच' बघून 'कार्थिकेयन' म्हणणारे आपल्यातही होते. तमिळ माणूस 'त' असाच लिहितो.

मग मूळ भाषेतला उच्चार, तोच बरोबर? तसंही नाही. डॅनियल रिकार्डोचं आडनाव इटालियन. इटलीत ते 'रिचार्दो' होईल. पण तो ऑस्ट्रेलियात वाढला आणि स्वतःला रिकार्डोच म्हणवतो. तिथे शहाणपणा करून 'रिचार्दो' म्हणणारा चुकला.

(पुन्हा किनारा. गाड्या सोडवल्या आहेत. पाणी चढतंय.)

शर्यत संपल्यावर आम्ही कर्ण्यावरच्या त्या माणसाला मोबाइलवर ड्रायव्हरांची यादी दाखवली. म्हटलं, वाचा. त्याने वाचली नाही.

"हा स्वतः कसा सांगतो नाव?"

आम्ही त्सुनोदाची एक मुलाखत लावली. त्याने फोन कानाला लावला, दोनदा ऐकलं, वही उघडली.

"गाव?"

"सागामिहारा. जपान."

लिहिलं. मग सवयीने माइक तोंडाशी धरला. वाळूवर माणसं फारशी उरली नव्हती.

"युकी चुनोदा, सागामिहारा! बैलांची नावं सांगा!"