उजवं एलेरॉन वर

(सोलापुरात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. टेबलावर जे रेडिओवर चालणारं मॉडेल विमान दिसतंय त्याचा पंख बसवलेला आहे, बॅटरी आत आहे, ट्रान्समीटरचे इशारे पकडणारा रिसीव्हर जोडलेला आहे. फक्त पुढचा प्रॉपेलर नाही. तो माझ्या खिशात आहे, हा बघा. घरात, वर्गात, सभागृहात, जिथं कुठं विमानाला बॅटरी जोडून काही तपासायचं असेल तिथं आधी प्रॉप काढायचा. दहा इंची प्रॉप मिनिटाला ८,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास जातो. गणित सोपं आहे, वर्तुळाच्या परिघाचं, घरी करून बघा. आणि मोटर सुरू व्हायला शर्टाची बाही ट्रान्समीटरवरच्या थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त करणाऱ्या, स्टिकला लागली तरी पुरते. पालक आलेत म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता माझ्या पहिल्या विमानाची गोष्ट. आमचं घर पूर्व भागात. खाली यंत्रमाग, वर माडीवर मी. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, डिंक, ब्लेड, आणि खालून दिवसभर मागांची खडखड. अडीच महिने लागले. आदल्या रात्री सगळं तपासलं. स्टिक हलवली, एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, हललं. शेपटीची आडवी पट्टी, एलिव्हेटर, हललं. उभी पट्टी, रडर, हललं. समाधानानं झोपलो. सकाळी मित्राच्या चुलत्यांच्या रानात गेलो. ज्वारी नुकतीच काढलेली, रान मोकळं. विमान सुंदर उचललं गेलं. दहा-बारा फुटांवर डावा पंख जरासा खाली झुकला. असं होतंच, म्हणून मी थोडं उजवं दिलं. पंख आणखी झुकला. मी आणखी उजवं दिलं. जितकं उजवं देत होतो तितकं ते डावीकडे कलंडत होतं. तीन सेकंदांत नाक ढेकळात गेलं.

एलेरॉन उलटे जोडले होते. हातातल्या ट्रान्समीटरमध्ये एक सेटिंग बदललं असतं तर ते सरळ झाले असते, अर्ध्या मिनिटाचं काम. आदल्या रात्री मी ‘हलतंय का’ एवढंच पाहिलं होतं. ‘कुणीकडे हलतंय’ हे पाहिलंच नव्हतं.

तुकडे पिशवीत घालून घरी आणले. वडील रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कुणाला दाखवलं होतंस का?" आमच्या कारखान्यात त्यांचा एक दंडक होता. ज्यानं वहीफणी केली, म्हणजे मागात सुतं ओवली, त्यानं ती स्वतः तपासायची नाही. एक सूत चुकीच्या घरात गेलं की अख्ख्या ताग्याला रेघ पडते, आणि ज्याच्या हातून ते गेलं त्याला ती चूक दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना ते सूत जिथं असायला हवं तिथंच दिसत राहतं. म्हणून दुसरा माणूस बोलवायचा. आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्या एका प्रश्नातून आलेलं आहे.

अनुभवी माणसाच्या हातूनही अशी चूक होते. १९३५ साली ३० ऑक्टोबरला अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं बॉम्बर चाचणीसाठी उडालं. जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून त्यांना कुलूप असायचं. ते काढायचं राहून गेलं. विमान उभं चढत गेलं, वेग संपला आणि ते कोसळलं. त्यात दोन वैमानिकांचा जीव गेला, आणि दोघेही मुरलेले होते. त्यानंतर वैमानिकांच्या हातात उड्डाणापूर्वीची छापील यादी आली. तेव्हा यादी वाचायला लाज वाटून घेऊ नका. एकानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं हात लावून बघायचं.

हे कसं करायचं ते दाखवतो. विमानाच्या मागे उभं राहायचं, नाक आपल्यापासून लांब. समोर उभं राहून तपासलंत तर डावं-उजवं उलटं होतं आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. आता स्टिक उजवीकडे. जी बाजू स्टिकची, त्या बाजूचं एलेरॉन वर. उजवं वर, डावं खाली. असं झालं की विमान उजवीकडे कलतं. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे दिलं की रडर उजवीकडे, आणि पुढचं चाक वळतं असेल तर तेही उजवीकडे. साथीदारानं विमानाकडे बघून ‘उजवं वर’, ‘डावं वर’ असं मोठ्यानं म्हणायचं. त्याला तुमची स्टिक दिसता कामा नये. दिसली तर तो स्टिक बघून बोलतो, विमान बघून नाही. हे मी पोरांबरोबर बऱ्याचदा अनुभवलंय.

एकाच ट्रान्समीटरमध्ये दोन-तीन विमानं साठवलेली असतील तर पडद्यावरचं नाव वाचा. दुसऱ्याच विमानाचं सेटिंग निवडलेलं असेल तर काल सरळ असलेलं आज उलटं होतं.

आता तोल. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण उलट्या एलेरॉनखालोखाल पहिल्याच उड्डाणात विमानं जातात ती तोल चुकल्यानं. शिकाऊ, सरळ आयताकृती पंखाच्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा. या विमानाचा पंख २२ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे साडेपाच ते साधारण साडेसहा सेंटीमीटर. किटबरोबर आकडा दिलेला असेल तर तोच पाळा. पंखाच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे, पेन्सिलनं खूण करायची. विमान उडायला जसं तयार असेल तसंच ठेवायचं, बॅटरी जागेवर, प्रॉपसकट, पण बॅटरीची वायर जोडायची नाही. मग दोन बोटांची टोकं त्या खुणांवर टेकवून उचलायचं. ते आडवं राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं तर बरोबर. शेपूट खाली गेली तर ते विमान आज रानात न्यायचं नाही.

शेपूट जड असली की काय होतं? एरवी झुळुकीनं नाक वर गेलं तर विमान आपणहून खाली येऊ बघतं. गुरुत्वमध्य मागे सरकत गेला की ही सवय कमी कमी होत जाते, आणि एका मर्यादेपुढे ती उरतच नाही. मग नाक वर गेलं की आणखी वर जातं. तुम्ही खाली दाबलंत की भसकन खाली. प्रत्येक दुरुस्ती जास्तीची होते आणि हात मागे पडतात. नाक थोडं जड असेल तर विमान सुस्त वाटतं, उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, पण ते ऐकतं. म्हणून पहिल्या दिवशी शंका असेल तर थोडं पुढे. वजन लगेच चिकटवू नका, आधी बॅटरी पुढे सरकवून बघा. आणि सरकवलेली बॅटरी पट्ट्यानं घट्ट आवळा. चढताना ती मागे घसरली तर घरी साधलेला तोल हवेत बिघडतो.

जोडण्यांचं थोडक्यात. प्रत्येक बिजागर हलकेच ओढून बघा. सर्व्होच्या, म्हणजे या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, हाताचा मधला स्क्रू बसवलाय का बघा, तो राहून जातो. सर्व्होपासून पट्टीपर्यंत जाणाऱ्या तारेची, पुशरॉडची, चिमटी उघडू नये म्हणून तिच्यावर सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा बारीक तुकडा चढवा. प्रॉप बसवताना त्याच्यावरची अक्षरं पुढच्या बाजूला हवीत.

रेडिओचं. आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल पूर्ण खाली, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलटं, आधी विमान, मग ट्रान्समीटर. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय, घरीच तपासा: प्रॉप काढलेला, विमान धरलेलं, मोटर हळू चालू. आता ट्रान्समीटर बंद केला की मोटर थांबलीच पाहिजे. नाही थांबली तर सिग्नल तुटल्यावर ते विमान जोर लावून कुणाच्या तरी अंगावर जाईल. रानात गेल्यावर ट्रान्समीटर रेंज चाचणीच्या कमी ताकदीवर ठेवून सुमारे तीस पावलं चालत जायचं. साथीदार विमानापाशी थांबून बघेल. सगळं ठणठणीत हललं पाहिजे, थरथर नको. मग त्यानं विमान मागून घट्ट धरायचं आणि मोटर चालवून हेच पुन्हा. रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींना काटकोनात.

बॅटरीबद्दल सोलापूरकरांना वेगळं सांगावं लागतं. लिपोचा, म्हणजे या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा, एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, तीन सेलची बॅटरी १२.६. उडवताना सेल साडेतीनच्या खाली नेऊ नका. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. चार्ज लावून बाहेर जायचं नाही, पलंगावर ठेवायची नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, कितीही महाग असली तरी. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा बंद गाडीत बॅटरी ठेवलीत तर ती बॅटरी गेली, कदाचित गाडीही. विमानालाही ऊन सोसत नाही. फोमचा पंख वाकतो, बाल्सावरची फिल्म सैल पडते. म्हणून मागून पंखाच्या कडेवर एक डोळा मिटून नजर टाका. एका टोकाला पीळ असेल तर तोल कितीही साधा, ते एका बाजूला ओढत राहणार.

जागा. होटगी रस्त्यावरचा विमानतळ आता जागा झालाय. त्याच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या धावपट्टीवर माणसं घेऊन विमानं उतरतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत आपली मॉडेल विमानंही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत. ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जायचंच नाही. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा. नान्नजकडे माळरान छान दिसतं, पण ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिकडे जायचं नाही. ज्वारी काढलेलं रान उत्तम, मालकाला विचारून. विजेच्या तारा नकोत, आणि शेजारी उभा ऊस नको. उसात गेलेलं विमान तोडणी होईपर्यंत सापडत नाही.

सकाळी लवकर जा, थंडीच्या दिवसांत तर फारच छान. दहानंतर जमीन तापते आणि हवा उसळायला लागते. मी ट्रान्समीटरला चादरीच्या काठाचा एक धागा बांधतो. तो आडवा फडफडत असेल तर मी गाडी उघडत नाही. सूर्य पाठीशी, विमान वाऱ्याच्या तोंडावर, बघणारे सगळे माझ्या मागे. आणि पहिलं उड्डाण ज्याला उडवता येतं त्यालाच करू द्या. तुम्ही शेजारी उभे राहा. चार मिनिटांचा गजर लावायचा आणि गजर झाला की उतरायचं, कितीही मजा येत असली तरी.

बोलायचं होतं ते एवढंच. आता या विमानाकडे या. प्रॉप माझ्याच खिशात राहील. यात मी तीन चुका मुद्दाम करून ठेवल्या आहेत. एक तर तुम्हाला लांबून, कडेवर नजर टाकून दिसेल, दोन दिसणार नाहीत, त्यांना हात लावावा लागेल. जोडीजोडीनं या. एकानं मागे उभं राहून ट्रान्समीटर धरायचा, दुसऱ्यानं विमान बघून मोठ्यानं बोलायचं. तू ये बाळ, निळ्या शर्टवाला. आणि तुझ्याबरोबर ती शेवटच्या रांगेतली मुलगी, मघापासून वहीत लिहून घेतेय ती.