एका डासाला मत, दुसऱ्याला परवाना

जनुकीय फेरबदल केलेले डास सोडण्यासाठी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या बेटांवर ठेवलेली ही षट्कोनी पेटी आतून जवळजवळ रिकामीच दिसते. तळाशी असलेली अंडी इंग्लंडमधील ऑक्सिटेक या कंपनीच्या प्रयोगशाळेतून कोरड्या अवस्थेत आलेली आहेत. पेटीत पाणी ओतले, की त्यांतून अळ्या बाहेर पडतात, अळ्यांचे कोष होतात, आणि आठवडा-दीड आठवड्यात भोकांमधून डास उडू लागतात. बाहेर पडणारा प्रत्येक डास नर असतो. नर चावत नाही; तो फुलांतल्या रसावर जगतो. चावणाऱ्या माद्या कोष होण्याआधीच, अळीच्या अवस्थेतच मेलेल्या असतात.

सूक्ष्मदर्शकाखाली लाल चमकणारी ही अळी पाहावी. एडीस इजिप्ती, म्हणजे डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा डास, याच्या अंड्यात दोन जनुके घातलेली आहेत. एकामुळे विशिष्ट प्रकाशात अळी अशी लाल दिसते आणि पकडलेला डास कंपनीचा की रानातला हे ओळखता येते. दुसऱ्या जनुकामुळे मादीच्या पेशींत एक प्रथिन साचत जाते आणि ती अळी असतानाच मरते. प्रयोगशाळेत पैदास चालू ठेवण्यासाठी माद्या जगवाव्या लागतात, म्हणून तेथे पाण्यात टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक मिसळतात. ते असेपर्यंत हे जनुक गप्प राहते. बाहेर सोडलेला नर स्थानिक मादीशी संग करतो, तिच्या मुली मरतात, मुलगे मात्र जगतात आणि तेच जनुक पुढच्या पिढीकडे नेतात. या वाणाचे नाव ओएक्स5034 आहे. हे नाव लक्षात ठेवावे लागेल.

समुद्रावरून जाणारा हा रस्ता फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या बेटांच्या रांगेतून, फ्लोरिडा कीजमधून, की वेस्टपर्यंत जातो. कित्येक दशके दिसेनासा झालेला स्थानिक डेंगी 2009 आणि 2010 साली की वेस्टमध्ये पुन्हा आढळला. येथील डासांमध्ये एडीस इजिप्तीचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास असल्याचे डास नियंत्रण मंडळ सांगते, पण रोगाचा जवळजवळ सगळा भार याच चार टक्क्यांवर आहे. हेलिकॉप्टरमधून होणारी ही फवारणी दलदलीतल्या डासांवर चालते. घराच्या आडोशाला, कुंडीखालच्या बशीत आणि पन्हाळीत साचलेल्या पाण्यात वाढणाऱ्या एडीसपर्यंत ती नीट पोहोचत नाही, शिवाय नेहमीच्या कीटकनाशकांना तो सरावलेला आहे. आपल्याकडे आठवड्याचा कोरडा दिवस पाळा असे आरोग्य सेवक दारोदार सांगतात, ते याच डासासाठी.

या मंडळाचे पाचही सदस्य मतदानाने निवडले जातात. म्हणून 2016 साली, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने येथे ऑक्सिटेकचे डास सोडून पाहण्याच्या चाचणीला हरकत नसल्याचे कळवल्यावर, मंडळाने प्रश्न थेट मतपत्रिकेवर ठेवला. रस्त्याकडेला, कुंपणांवर लागलेले हे प्रचाराचे फलक त्या काळातले आहेत. चाचणीसाठी निवडलेल्या की हेवन या छोट्या वसाहतीने सुमारे 65 टक्के मतांनी नकार दिला. ही बेटे ज्यात येतात त्या संपूर्ण मन्रो परगण्याने मात्र सुमारे 58 टक्के मतांनी होकार दिला. 33 पैकी 31 मतदान विभाग चाचणीच्या बाजूने होते. मतदान बंधनकारक नव्हते. तरीही मंडळाने की हेवनचा नकार मानला आणि चाचणी दुसरीकडे करण्याचे ठरवले. असा प्रयोग मताला टाकणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि तिचे श्रेय मंडळाला द्यायलाच हवे. केमन बेटांवर 2010 साली असे डास सोडले गेले, तेव्हा बाहेरच्या जगाला ते प्रयोग उरकल्यानंतर कळले होते. आपल्या देशात तर त्याआधीच हरियाणातील सोनीपत येथे जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या प्रकल्पातून एडीस डास सोडण्याची तयारी झाली होती. त्या डासांत जनुकीय फेरबदल नव्हते, पण वृत्तपत्रांनी विचारलेले प्रश्न आणि संसदेच्या लोकलेखा समितीचे ताशेरे यांमुळे 1975 साली तो प्रकल्प गुंडाळला गेला.

परंतु 2016 साली नागरिकांपुढे जो डास होता, तो ओएक्स513ए. त्याची मुले आणि मुली दोन्ही मरत. सोडण्यापूर्वी नर-मादीचे कोष आकारावरून निवडून वेगळे करावे लागत, आणि त्यात थोड्या माद्या निसटत. कंपनीने तो वाण बाजूला ठेवला आणि ज्याचे मुलगे जगतात, असा नवा वाण आणला. अशा डासांना परवानगी देण्याची जबाबदारीही दरम्यान अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे गेली. या संस्थेकडे आलेल्या तीस हजारांहून अधिक अभिप्रायांत बहुतेक विरोधातले होते. तरी मे 2020 मध्ये दोन वर्षांत 75 कोटींपर्यंत डास सोडण्याची प्रायोगिक परवानगी मिळाली. संत्रावर्गीय फळबागा आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रे यांच्यापासून 500 मीटरच्या आत पेट्या ठेवू नयेत, अशी अट त्यात होती, कारण तेथे प्रतिजैविकाचा अंश असू शकतो आणि त्यावर माद्या जगू शकतात. ऑगस्टमध्ये मंडळाने चार विरुद्ध एक मताने होकार दिला. दुसऱ्या वाणासाठी दुसरे मतदान झाले नाही. मतपत्रिकेवरील प्रश्न मोघम असल्यामुळे जुना होकार पुरेसा आहे, असे म्हणता येते. मात्र जनुक एका पिढीत संपणार की काही पिढ्या फिरत राहणार, हा फरक किरकोळ नाही, आणि तो मतदारांपुढे कधी ठेवलाच गेला नाही.

एप्रिल 2021 च्या अखेरीस कजो की, रॅमरॉड की आणि वाका की या बेटांवर सहा ठिकाणी या पेट्या बसवण्यात आल्या. जागा देणाऱ्या घरमालकांची संमती होती. सुमारे 12 आठवडे दर आठवड्याला 12 हजार नर बाहेर पडतील, असा पहिल्या टप्प्याचा हिशेब होता. नंतर गोळा केलेल्या 22 हजारांहून अधिक अंड्यांतून निघालेल्या, हे जनुक असलेल्या सर्व माद्या प्रौढ होण्याआधी मेल्या आणि दोन-तीन महिन्यांत जनुकही दिसेनासे झाले, असे कंपनीने 2022 साली सांगितले. डेंगी कमी होतो का, हे या चाचणीत तपासलेले नव्हते. नर पेटीभोवती साधारण एक हेक्टरात फिरले. एवढ्या जागेत शेजाऱ्यांची अंगणेही येतात.

महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातील दावलवाडी येथे जानेवारी 2017 मध्ये ओएक्स513ए डासांची बाह्य चाचणी बंदिस्त पिंजऱ्यांत सुरू झाली होती. ते डास मोकळे सोडण्याचा प्रश्न आला असता, तर ग्रामसभेपुढे तो कोणत्या शब्दांत मांडला गेला असता, हे विचारण्याची वेळ त्या वाणाबरोबरच निघून गेली.